घंगाळावरील नांव

गेल्या ९ सप्टेंबरला आमचा धाकटा नातू शाळेंतून परत आला तो हातांत कागदी झेंडा घेऊन. नंदुरबार जिल्ह्यांत हा दिवस कोणी विसरत नाहीं. १९४२ सालीं ह्याच दिवशीं नंदुरबारांत विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली, पोलिसांनीं ती अडविली, गोळीबार केला, आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पांच जण प्राणांस मुकले. शिरीषकुमाराला तेव्हां सोळावें वर्ष चालू होतें. आमच्या ब्राह्मणपुरीसारख्या खेड्यांतील पोरांना देखील हीं नांवें पाठ असतात. नातवानें तीं घडाघड म्हणून दाखविलीं, आणि पाणी पितां पितां विचारलें, "आजोबा, ज्यानें गोळी झाडली त्याला पुढें काय शिक्षा झाली?"

शिक्षा कोणालाच झाली नाहीं, असें आम्हीं सांगितलें. "कां?" ह्याचेंहि उत्तर आमच्यापाशीं तयार होतें. राज्य परक्यांचें; परका राजा आपल्याच शिपायाला शिक्षा कशी करील? उत्तर बिनतोड वाटलें, आणि मूल खेळावयास गेलें. परंतु आठच दिवसांनीं १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस उगवला, आणि आमच्या उत्तरांतील ऐट पार उतरली. तिच्या उतरण्याचें कारण आमच्या माळ्यावर उपडें घालून ठेविलेलें आहे.

आमच्या आत्याबाई उस्मानाबाद जिल्ह्यांतील (त्यास आतां धाराशिव म्हणतात) एका खेड्यांत दिलेल्या होत्या. १९४८च्या उन्हाळ्यांत रझाकारांच्या धाकानें त्यांचें बिऱ्हाड रातोरात गाडी जुंपून बार्शीकडे निघालें. थोरले दीर वाडा राखावयास मागें राहिले, ते पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत. दिवाळीच्या सुमारास मंडळी परत आली तेव्हां वाड्याचीं दारें निघालेलीं, दावण रिकामी, आणि स्वयंपाकघरांत मात्र एक भलेंमोठें पितळी घंगाळ. तें आपलें नव्हे हें आत्याबाईंनीं पाहतांच ओळखलें. कांठावर उर्दू अक्षरांत नांव कोरलेलें होतें. "हें कोणाचें?" म्हणून विचारतां सासूबाई म्हणाल्या, "आपलें गेलें, हें आलें." आत्याबाई मागील दारीं गेल्या. मोमीन आळींतील माग बंद होते. बायका व म्हातारीं माणसें दिसलीं, कर्ते पुरुष दिसले नाहींत. ते कोठें गेले, हें त्यांनीं गड्याला विचारलें. गडी म्हणाला, "लष्कर आलं होतं."

आत्याबाईंनीं ही हकीगत आम्हांस लहानपणापासून अनेकदां सांगितली, आणि प्रत्येक वेळीं ती ह्या तीन शब्दांवर येऊन थांबे. लष्करानें तीं माणसें मारलीं, कीं गांवकऱ्यांनीं मारलीं व लष्कर पाहत राहिलें, कीं सर्व आटोपल्यावर लष्कर आलें, हें त्यांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. कळण्याचा मार्ग एकच होता, तो चौकशीचा. आणि ती त्या गांवांत कधीं झालीच नाहीं.

निजामाच्या राज्यांत १९४७-४८ सालीं कासीम रझवीच्या रझाकारांनीं प्रजेस त्राहि भगवान् करून सोडलें होतें, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बीदर जिल्ह्यांतील गोरटा गांवची कत्तल आणि बीबीनगरचा दरोडा हीं दोन नांवें पुरेशीं आहेत. रझाकारांविरुद्ध निर्भयपणें लिहिणारे शोएबउल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत खून झाला. हे संपादक मुसलमान होते, हें मुद्दाम नमूद करणें अवश्य वाटतें. १३ सप्टेंबर रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, १७ तारखेस निजामानें हात टेकले, आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ तपश्चर्येचें तें फळ होतें, आणि त्या दिवशींचा आनंद खराच होता. आमच्या आत्याबाई तो दिवस दिवाळीसारखा पाळीत. एका कुटुंबांत एकाच वेळीं आनंद आणि कांट्यासारखी बोचणारी शंका राहूं शकते, हें आम्हीं त्यांच्याच घरीं पाहिलें.

ह्या मोहिमेस सरकारनें 'पोलीस कारवाई' असें नांव दिलें. नांव देणाऱ्यांच्या मनांत राजकारण होतें, तथापि त्यांत कायद्याचा एक मुद्दा आपोआप येऊन बसला. युद्ध म्हटलें कीं युद्धाचे नियम लागू होतात. पोलीस कारवाई म्हटली म्हणजे ज्याच्या हातून निःशस्त्र मनुष्य मेला त्यानें साध्या फौजदारी कायद्यापुढें जाब द्यावयाचा असतो. आपण नांव पोलिसाचें घेतलें, आणि हिशेब मात्र कोणत्याच वहींत मांडला नाहीं.

असें म्हणण्यास आधार आहे. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्यें पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी हे संस्थानांत हिंडले. सोळांपैकीं नऊ जिल्हे त्यांनीं पाहिले आणि १०९ खेड्यांतील पांचशेंहून अधिक लोकांच्या जबान्या ऐकिल्या. कारवाईच्या वेळीं व तिच्या मागोमाग निदान २७,००० ते ४०,००० माणसें मेलीं असा त्यांचा अंदाज होता. त्यांपैकीं १८,००० हून कमी नाहींत इतकीं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चारच जिल्ह्यांत. बहुतेक काम जमावाचें होतें. परंतु कांहीं ठिकाणीं सैन्यांतील व पोलिसांतील लोक लुटींत व इतर गुन्ह्यांत स्वतः सामील होते, कोठें शिपायांनीं लोकांना मुसलमानांचीं घरें व दुकानें लुटावयास उत्तेजन दिलें, क्वचित् भागच पाडलें, आणि कित्येक गांवांतून प्रौढ पुरुषांना बाहेर आणून थंड डोक्यानें ठार केलें, असें समितीनें स्पष्ट लिहिलें. त्याच अहवालांत दुसरी बाजूहि आहे. अनेक ठिकाणीं अधिकाऱ्यांनीं शिस्त राखून मुसलमानांचें रक्षण केलें. एका धंद्याचे लोक एकमेकांच्या पाठीशीं उभे राहिले. हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांना वाचविण्यासाठीं आपल्याच धर्माच्या जमावाशीं झुंज घेतली, प्रसंगीं जीवहि दिला. मोमीन आळींतील बंद मागांची गोष्ट ऐकत वाढलेल्या आम्हांस हें वाक्य वाचतांना पुस्तक खालीं ठेवावें लागलें.

अहवाल नेहरू व सरदार पटेल यांच्याकडे गेला. सरदारांस तो रुचला नाहीं. तो छापून प्रसिद्ध झाला नाहीं. त्याचे कांहीं भाग मागाहून बाहेर आले, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयांत तो सामान्य माणसास पाहावयास मिळूं लागला तो २०१३ सालीं, म्हणजे पासष्ट वर्षांनीं. दरम्यान खटले झाले नाहींत असें नव्हे. कासीम रझवीस बीबीनगर प्रकरणीं सात वर्षांची शिक्षा झाली व १९५७ सालीं सुटल्यावर तो पाकिस्तानांत निघून गेला. रझाकारांसाठीं आणि तेलंगणांतील कम्युनिस्टांसाठीं खास न्यायासनें बसलीं. ज्यांच्याविषयीं समितीनें लिहिलें त्या शिपायांसाठीं असें एकहि बसलें नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. जुन्या दंडविधानाच्या ७६ व्या कलमांत एक उदाहरण असे, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेंतहि तें कायम आहे. कायद्याच्या आज्ञेस अनुसरून वरिष्ठानें दिलेल्या हुकुमावरून शिपाई जमावावर गोळी झाडतो. त्यानें गुन्हा केला नाहीं. सर्व मख्खी 'कायद्याच्या आज्ञेस अनुसरून' ह्या शब्दांत आहे. नुसता हुकूम पुरत नाहीं, हुकूम कायदेशीर असावा लागतो. 'ध' चा 'मा' करणारा हात कोणाचा, ह्यावर मराठी माणसें पिढ्यान् पिढ्या वाद घालीत आलीं. परंतु अक्षर कोणींहि बदललेलें असो, शनिवारवाड्यांत तलवार चालविणारा गारदी त्यामुळें निर्दोष ठरत नाहीं.

कायद्याचें तत्त्व इतकें स्वच्छ असतां अडतें कोठें? दारांत. १८९८च्या फौजदारी कार्यपद्धतीनें असें ठरविलें कीं, सरकारी नोकरानें कर्तव्य बजावतांना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवावयाचा तर सरकारची पूर्वपरवानगी पाहिजे. जमाव पांगविणाऱ्या सैनिकासहि तसेंच संरक्षण दिलें. आजच्या संहितेंत हीच तरतूद २१८ व्या कलमांत आहे, आणि ईशान्येकडील भागांसाठीं १९५८ सालीं केलेल्या सैन्याच्या विशेषाधिकारांच्या कायद्यांत ती अधिक कडक आहे. मूळ हेतु वाईट नाहीं. प्रामाणिक अधिकाऱ्यास कोणीहि उठून कोर्टांत खेंचूं नये, इतकाच तो आहे. परंतु परवानगी देणारा तो आरोपीचाच धनी, आणि विशेषाधिकारांच्या कायद्यांत नाकारण्यास मुदतीचें बंधन नाहीं, अशी स्थिति झाली म्हणजे पुरावा तपासण्यापूर्वींच निकाल लागतो. शिवाय १९५०च्या सैन्य कायद्याप्रमाणें लष्करी न्यायालयास बहुतेक गुन्ह्यांबाबत तीन वर्षांच्या आंतच काम सुरू करावें लागतें. फौजदारी कायद्यांत खुनाला अशी मुदत नाहीं. म्हणजे एक दार परवानगीवांचून उघडत नाहीं, आणि दुसरें तीन वर्षांनीं आपोआप लागतें.

इंग्रजांनीं ह्याहून सरळ उपाय योजिला होता. जालियनवाला बागेनंतर पांचच महिन्यांनीं, सप्टेंबर १९१९ मध्यें, पंजाबांतील लष्करी अंमलांत अधिकाऱ्यांनीं केलेल्या कृत्यांबद्दल त्यांस अभय देणारा कायदा त्यांनीं कौन्सिलांत आणिला, आणि पंडित मदनमोहन मालवीय यांनीं त्याविरुद्ध अतिशय दीर्घ भाषण केलें. शाळेंत हा भाग शिकवितांना आमचा आवाज चढत असे. आपल्या राज्यघटनेच्या ३४ व्या कलमानें असा अभय-कायदा करण्याचा अधिकार आपल्या संसदेसहि दिलेला आहे, हें मात्र आम्ही मुलांना सांगत नसूं. पाठ्यक्रमांत नव्हतें, असें म्हणून हात झटकतां येतील. पण खरें असें कीं आमच्या मनांतच नव्हतें.

आमचें अर्धें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, म्हणून येथें सौप्तिकपर्वाची आठवण होते. अश्वत्थामा रात्रीं पांडवांच्या शिबिरांत शिरून झोंपलेल्यांना मारावयास निघाला तेव्हां कृपाचार्यांनीं त्यास बजावलें कीं, निजलेल्याला व शस्त्र टाकलेल्याला मारणें धर्मास मान्य नाहीं. मनूनेंहि सातव्या अध्यायांत तेंच सांगितलें आहे. इतकें जाणणारे कृपाचार्य पुढें काय करतात? ते कृतवर्म्यासह शिबिराच्या दाराशीं उभे राहतात, व जीव घेऊन पळणाऱ्यांना तेथें कापून काढतात. अश्वत्थाम्याच्या मस्तकींचा मणि गेला, त्याला शाप मिळाला. कृपाचार्यांना कांहीं झालें नाहीं. इतकेंच नव्हे, तर पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हां परीक्षितीला शिष्य म्हणून त्यांच्याच स्वाधीन केलें. एकावर सर्व पाप घालावें आणि दाराशीं उभा राहिलेला आचार्य पुढच्या पिढीचा गुरु व्हावा, ही रीत आपल्याकडे किती जुनी आहे पाहा! टीकाकारांनीं ह्याची बहुधा चिरंजीव म्हणून सोडवणूक केली असती. आम्हांस ती कधींच पटली नाहीं.

ह्या बाबतींत आपणच मागें आहों असेंहि नाहीं. उत्तर आयर्लंडांतील डेरी शहरांत ३० जानेवारी १९७२ रोजीं ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनीं मोर्च्यांतील लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशीं मेले, एक मागाहून. पहिली चौकशी कांहीं आठवड्यांतच उरकली व तिनें सैनिकांची बाजू बव्हंशीं राखली. दुसरी १९९८ सालीं बसली ती २०१० मध्यें संपली, आणि मेलेल्यांपैकीं कोणापासूनहि धोका नव्हता असा निर्वाळा तिनें दिला. पंतप्रधान कॅमेरन यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. एका माजी सैनिकावर खुनाचा खटला झाला. त्याचें नांव न सांगतां त्याला केवळ 'एफ्' ह्या अक्षरानें ओळखीत. ऑक्टोबर २०२५ मध्यें तो निर्दोष सुटला, कारण त्रेपन्न वर्षांपूर्वींच्या सोबत्यांच्या जबान्यांवर कोणास दोषी ठरवितां येईना. मधल्या काळांत, २०२३ सालीं, जुन्या प्रकरणांतील आरोपींना सशर्त अभय देणारा कायदाहि विलायतेंत झाला, आणि बेलफास्टच्या उच्च न्यायालयानें २०२४ मध्यें त्यांतील अभयाचा भाग मानवी हक्कांशीं विसंगत ठरविला. त्या सुटकेबद्दल आम्ही न्यायाधीशांस बोल लावीत नाहीं. पुराव्यावांचून शिक्षा झाली असती तर ती नवी चूक झाली असती. पण हा पुरावा १९७२ सालीं ताजा होता, आणि तेव्हां तो कोणीं मागितला नाहीं.

आपल्याकडील अलीकडची गोष्ट नागालँडची. ४ डिसेंबर २०२१ रोजीं ओटिंग गांवाजवळ खाणींतून घरीं परतणारे सहा मजूर सैन्याच्या गोळ्यांनीं मेले. ओळखण्यांत चूक झाली, असें सरकारनें संसदेंत सांगितलें. मागाहून उसळलेल्या प्रक्षोभांत आणखी गांवकरी व एक जवान प्राणांस मुकला. नागालँड पोलिसांनीं तपास करून तीस सैनिकांवर आरोपपत्र ठेविलें. केंद्र सरकारनें परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानें फौजदारी काम बंद केलें, पुढें कधीं परवानगी मिळाल्यास तें चालूं शकेल एवढी वाट ठेवून. त्या निकालाची तारीख १७ सप्टेंबर २०२४. आम्ही त्या दिवशीं सकाळीं दूरचित्रवाणीवर छत्रपति संभाजीनगरचें ध्वजारोहण पाहत होतों.

ह्याच न्यायालयानें ८ जुलै २०१६ रोजीं मणिपुरांतील १,५२८ मृत्यूंच्या प्रकरणांत सांगितलें होतें कीं, अशांत भागांत देखील सैनिकास सरसकट अभय नाहीं, आणि मारला गेलेला मनुष्य शत्रु होता कीं सामान्य नागरिक, ह्याची चौकशी झालीच पाहिजे. तत्त्व आणि दार ह्यांतील अंतर तें हेंच.

आमच्या मधल्या बंधूंचे चिरंजीव सैन्यांत अधिकारी आहेत. दिवाळींत रजेवर आले असतां आम्हीं त्यांच्यापुढें हा विषय काढला. घरांत थोडें अवघडलेपण झालें; आमच्या वहिनी उठून आंत गेल्या. चिरंजीव प्रथम चिडलेच. "काका, आम्हांला अर्ध्या मिनिटांत ठरवावें लागतें, आणि तुम्ही लोक दहा वर्षें फायली वाचून आम्ही चुकलों कीं काय हें सांगणार." म्हणणें खोटें नाहीं, आणि ज्यानें रात्रीं-अपरात्रीं बंदूक घेऊन गस्त घातली नाहीं त्यानें तें नम्रपणें ऐकावें. परंतु रात्रीं अंगणांत सुपारी कातरतां कातरतां तेच म्हणाले, "चौकशी झाली नाहीं कीं मग एकाचें नांव राहत नाहीं, सगळ्या पलटणीचें होतें." आम्हांस जें चार पानांत सांगावयाचें होतें तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें. १९४८ सालीं ज्या अधिकाऱ्यांनीं मुसलमान बायकामुलांच्या दाराशीं पहारा दिला, त्यांचीं नांवें आज आपणांस ठाऊक नाहींत. दुसऱ्यांचीं लपविण्याच्या भरांत हींहि गेलीं.

तेव्हां आमचें म्हणणें काय? १९४८चे आरोपी आतां शोधून खटले भरावेत, असें आम्ही म्हणत नाहीं; ते नाहींत, साक्षीदार नाहींत, आणि डेरीचा अनुभव समोर आहे. मात्र सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारनें आपल्या नांवानें छापावा, त्याचें मराठी भाषांतर ज्या जिल्ह्यांविषयीं तो आहे तेथील ग्रंथालयांत ठेवावें, आणि लष्करी राज्यपालांच्या वेळचीं दप्तरें अभ्यासकांस खुलीं करावींत, ह्यांत कोणाचें काय जातें? पुढच्यासाठीं म्हणाल तर परवानगीची अट काढून टाका असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. ती देणें वा नाकारणें ठराविक महिन्यांच्या आंत, लेखी कारणांसह व्हावें आणि तीं कारणें न्यायालयानें तपासावींत. घटनेनंतर पहिल्या पंधरवड्यांतच मॅजिस्ट्रेटपुढें सैनिकाची व गांवकऱ्याची जबानी नोंदली गेली, तर निर्दोष सैनिक लवकर सुटेल. आणि चौकशी दाराशीं उभ्या राहिलेल्या आचार्यांपर्यंतहि जावी.

कांहीं वाचक विचारतील कीं, रझाकारांनीं आमच्या लोकांचे हाल केले त्याचें काय? आमच्या आत्याबाईंचे दीर त्यांतच गेले. त्यांच्यासाठीं खटला निदान झाला. रझवी तुरुंगांत गेला. मोमीन आळींतील माणसांनीं त्या दिरांना मारलें असा आरोप आत्याबाईंच्या सासऱ्यांनीं देखील कधीं केला नाहीं.

वाडा विकला गेला तेव्हां आत्याबाईंनीं तें घंगाळ आमच्याकडे पाठविलें. त्यांनीं पन्नास वर्षांत त्यांत एकदांहि पाणी तापविलें नव्हतें. धान्य घालून कोठीच्या कोपऱ्यांत ठेविलें होतें. यंदा नातवाच्या प्रश्नानंतर आम्हीं तें माळ्यावरून उतरविलें, चिंचेनें घांसलें, आणि शहाद्यांतील एका उर्दू जाणणाऱ्या शिक्षकमित्रास बोलाविलें. त्यांनीं कांठ उजेडाकडे धरून वाचलें. नांव बाईचें आहे, त्याखालीं नवऱ्याचें आणि गांवाचें. लग्नांत दिलेलें भांडें असावें. आम्हीं आत्याबाईंच्या नातवास पत्र घातलें आहे कीं, त्या घरचें कोणी लातुराकडे वा हैदराबादेस आहे काय, ह्याचा गांवांत तपास करावा. पत्र जाऊन तीन आठवडे झाले. घंगाळ सध्यां ओसरीवर आहे.